आईच्या तवशाचं बी

चंदीगड, सेक्टर ३१
दि. ९ जून १९७४

ती. सौ. ताईस,
विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

बी मी विकलेलं नाही, खाल्लेलं नाही आणि कुठल्या बाईला वाहिलेलंही नाही. मागल्या तीन पत्रांत तू एकच दळण दळतेस, म्हणून खुशाली मागाहून, आधी हे. तीन वर्षांपूर्वी गाव सोडताना आईने माझ्या पंच्याच्या टोकाला तवशाचं बी बांधून दिलं होतं, इथल्या बोटभर काकड्यांत तसलं तवसं शोधून सापडायचं नाही. ते माझ्यापाशी आहे. तपकिरीच्या डबीत. अंबाल्याच्या ढाब्यावर होतं, लुधियान्याच्या गिरणीत होतं, आणि आता इथे कामाला आहे त्या बंगल्यात, इकडे कोठी म्हणतात, माझ्या उशाशी आहे. मी कुठे टिकलो नाही हे खरं, पण बी टिकलं. काल मोजलं, सतरा बिया निघाल्या.

तू म्हणतेस पाकिटात घालून लगोलग पाठव, मृग निघून जाईल. ताई, तू पोस्टात ठप्पा मारताना कधी पाहिलंस का? घणासारखा मारतात. सतरा बियांचं पीठ होऊन तुझ्या हातात येईल आणि मग तू पुन्हा मलाच बोलशील. त्यापेक्षा माझं ऐक. कोठीच्या मागे जागा पडीक आहे. आमचे साहेब गुरुनाथ सरदेसाई विमानदलात, घरचे पुण्याचे. त्यांच्या बाईसाहेब, शुभदाबाई, स्वतःच म्हणाल्या की विश्राम, तिथे काहीतरी लाव, नुसतं गवत माजतंय. मी तिथे मांडव घालतो. पाऊस लागला की पेरतो. एक तवसं बियाला ठेवतो आणि दिवाळीच्या आत तुला सतराचे पाचशे करून पाठवतो. पक्का.

पण एवढी घाई कसली ते तू लिहीत नाहीस. नुसतं लिहितेस, आईला शब्द दिलाय. कसला शब्द? मी नव्हतो हे मला माहीत आहे. आई गेल्याची तार मला बारा दिवसांनी मिळाली हे तुला आधीच लिहिलंय, आणि मे महिन्यात निघणार होतो तर संपात सगळ्या देशाच्या गाड्याच बंद पडल्या. त्यात माझा काय दोष? सारखं टोचू नये.

इथे लू चालू आहे. दुपारी तोंडावर कुणी भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. भावोजींना नमस्कार, पोरांना पापा. राग गिळून दोन ओळी लिहाव्यात, एवढंच मागणं.

तुझा,
विश्राम


धाऊलवाडी, जि. रत्नागिरी
दि. २० जून १९७४

चि. विश्राम यास,
सुरेखाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, अक्कल तेवढी मागे राहिली. पक्का म्हणे. इथे पेरूसुद्धा पक्का व्हायला वेळ घेतो.

शब्द कसला ते विचारतोस, तर ऐक. लिहिणार नव्हते. आईच्या दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर तीन बसले होते, बघत होते, खाली उतरेनात. तू नाहीस म्हणून चुलत सदाशिवने अग्नी दिला होता, त्यालाच पुढे केलं. तो म्हणाला, काकी, घराची कौलं परतून घेतो. काही नाही. कुणी म्हणालं, विश्रामचं लग्न करू. काही नाही. तुझे भावोजी म्हणाले, विश्रामला परत आणू, आणि एक कावळा उडून लांबच गेला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी पुढे झाले आणि हळूच म्हटलं, आई, तुझ्या तवशाचं बी मी मोडू देणार नाही. तोंडातला शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर.

घरी आले, मागल्या पडवीत पाहिलं, तर बी नाही. उंदरांनी नेलं. म्हणजे मी आईला खोटं बोलून वाटेला लावली. आता तुझ्याकडच्या सतरा बिया तेवढ्या उरल्या. आजूबाजूला विचारून आले, सगळीकडे आता बाजाराची काकडी. आपलं ते पांढऱ्या रेघांचं, हातभर लांब, पोट सुटलेलं तवसं कुणाकडे नाही. कार्तिकात वर्षश्राद्ध. त्याच्या आत बी घरात आलं पाहिजे, नाहीतर त्या दिवशी पान वाढायला माझा हात उठायचा नाही.

तेव्हा पेरायचंच असेल तर पेर, पण सगळं पेरू नकोस. आई अर्धं बी घरात ठेवायची. म्हणायची, जमीन कितीही भरवशाची असो, तिला सगळं देऊ नये. आठ बिया डबीत राहू देत. हे पत्र मिळताच डबी बंद कर.

पोरं मजेत. मांजरी व्याली. जिवाला जप आणि बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


चंदीगड
दि. १८ जुलै १९७४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी मी पेरणी केली होती. सतराच्या सतरा. आता ओरडून घे, मी कान धरून उभा आहे.

चार उगवल्या. बाकीच्या जुन्या झाल्या असणार. पण चारही वेल असे धावतायत की बाईसाहेब रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन बघायला येतात. त्यांची पोरगी उल्का सहा वर्षांची. मी मराठीत सांगतो, ती हिंदीत उत्तर देते. तिला तवसं म्हणता येत नाही, तौसा म्हणते.

आता दुसरं. हे कुणाला सांगू नकोस, भावोजींनासुद्धा. दुपारी जेवणं आटोपली की कोठीत सगळे पंखे लावून झोपतात. मीही माझ्या खोलीत घटकाभर पडतो. उठून मांडवाकडे गेलो की वेलाच्या पानांवर राख असते. एकदा नाही, आठ दिवस झाले. पान आधी ओलं केलेलं, त्यावर बारीक चाळल्यासारखी राख, तांबडे भुंगेरे लागू नयेत म्हणून टाकतात तशी. ताई, या घरात गॅस आहे. चूल नाही, शेगडी नाही. राख येणार कुठून? बाईसाहेबांना विचारलं, त्या म्हणाल्या त्यांना तर वाटलं मीच टाकतो. उल्काला विचारलं, तिने खांदे उडवले.

भुंगेरा एकही लागलेला नाही. शेजारच्या कोठीतल्या दुधीची चाळण झाली आहे.

काल मुद्दाम जागा राहायचं म्हणून भिंतीला टेकून बसलो. डोळा लागला असावा. दोनदा खोकल्याचा आवाज आला. आई हाक मारायच्या आधी खोकायची तसा. हाक काही आली नाही. मी बाहेर गेलो तर ऊन आणि राख.

मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. त्याचंच जरा चमत्कारिक वाटतं.

उलट टपाली लिही. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहो, वाढवायची जबरदस्ती नाही.

तुझा,
विश्राम


धाऊलवाडी
दि. २ ऑगस्ट १९७४

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी देवापुढे दिवा लावला आणि मग तुला दोन शिव्या दिल्या. दोन्ही पोचलं असेल.

मेल्या, तू लहानपणी झोपेत चालायचास ते विसरलास? एकदा गोठ्यात जाऊन गाय सोडली होतीस, आणि आईने तुझ्या पायाला आपल्या लुगड्याचा पदर बांधून दोन वर्षं काढली. राख कुठून येते ते मला विचारू नकोस. उठलास की पहिले आपले हात बघ.

आईच असेल तरी मी काय म्हणू? इतकी वर्षं मी तिच्या उशापायथ्याशी होते. औषध मी दिलं, पाठ मी चोळली. आणि ती गेली तर चंदीगडला. तिकडे तिला कोण ओळखतं? हे गमतीने लिहिलंय, पण लिहिताना गंमत वाटली नाही.

पहिलं तवसं धरलं की त्यालाच बियाला राखायचं. देठाला चिंधी बांध म्हणजे कुणी हात लावणार नाही. इथे पाऊस मरणाचा. पुढलं पत्र लांबवू नकोस, वाट बघायला माझ्याकडे वेळ थोडा आणि जीव एकच.

तुझी,
ताई


पिंजौर
दि. २८ सप्टेंबर १९७४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता बघून तू कपाळाला हात लावला असशील. हो, सोडली ती नोकरी. आता कालक्याच्या रस्त्यावर पिंजौरला एका लालाजींच्या रोपवाटिकेत आहे. पण क्रमाने सांगतो, म्हणजे तू एकदाच काय ते रडशील.

चार वेलांना महिनाभर नुसती वांझ फुलं आली. मग तीन फळं धरली. दोन माशीने डंख मारून वाकडी झाली, सडली. तिसरं मात्र वाढलं. हातभर, पांढऱ्या रेघा, पोट सुटलेलं. मी देठाला माझ्या जुन्या सदऱ्याची लाल चिंधी बांधली. दिवसातून चारदा बघून यायचो.

गौरीच्या दिवशी साहेबांनी मला सतरा सेक्टरात सामान आणायला पाठवलं. परत आलो तर बाईसाहेबांनी मला पाटावर बसवलं. म्हणाल्या की आज तुझं काम बंद, आज तुला मी वाढणार, इतक्या लांब आईविना सण करतोस. पहिलं पान माझं. पानात कोशिंबीर. दाण्याचं कूट, नारळ, वरून फोडणी. मी खाल्ली. दोनदा मागून खाल्ली. इतकी गोड काकडी इथे कुठे मिळाली म्हणून विचारलंसुद्धा. तेव्हा त्या हसल्या. दहा वर्षांनी तवसं हाताला लागलं, राहवेना, आणि तुलाच आधी वाढायचं ठरवून केलं, असं म्हणाल्या. चिंधी दृष्टीसाठी बांधलीस ना, ती मी जपून ठेवलीय, हेही म्हणाल्या.

ताई, मी आईचं बी दोनदा मागून खाल्लं.

आतला गर मी केराच्या टोपलीतून काढला. बिया कोवळ्या, पाण्यासारख्या. बोटात धरल्या की फुटायच्या. वेल तोवर पिवळे पडले होते. मी बाईसाहेबांना नको ते बोललो. त्या माउलीचं काही चुकलं नव्हतं, त्या रडायला लागल्या, आणि साहेबांनी मला हिशोब करून टाक म्हणून सांगितलं.

निघताना आणखी एक झालं. कोठीच्या मागे झाडाखाली नरेश म्हणून एक जण कोळशाची इस्त्री घेऊन बसतो, सगळ्या सेक्टरचे कपडे करतो. त्याचा निरोप घ्यायला गेलो. तो म्हणाला की आता दुपारची राख कोण नेणार? मी म्हटलं, कसली राख? तर म्हणाला, रोज दुपारी तूच येऊन इस्त्रीतली मूठभर राख नेतोस, हाक मारली तर ओ देत नाहीस. मग म्हणाला, यार, एक बात बता, राख न्यायला येतोस तेव्हा कमरेवर हात ठेवून, वाकून, म्हातारीसारखा का चालतोस?

तू सांगितल्यावर मी हात बघितले होते. नखांत राख होती. तुला कळवलं नाही.

डबी रिकामी आहे. माझ्याच्याने झालं नाही. तुला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, निदान पत्राला उत्तर देण्याइतकी ठेव.

तुझा,
विश्राम


धाऊलवाडी
दि. ९ ऑक्टोबर १९७४

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रडून झालं. आता शांतपणे लिहिते, तूही शांतपणे वाच.

उंदरांनी बी नेलं असं मी लिहिलं होतं ते खोटं. आई बी राखेत घोळून ओल्या शेणात थापायची आणि ती शेणी मागल्या पडवीच्या भिंतीला चिकटवायची, आणि बाकीच्या शेणींत ओळखू यावी म्हणून तिच्यावर अंगठा उमटवायची. हे तुला ठाऊक आहे. ती गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलं. मडक्यातल्या विस्तवाला शेणी द्या म्हणून अंगणातून कुणी ओरडलं. मी पडवीत गेले आणि हाताला आल्या तेवढ्या भिंतीवरून ओरबाडून दिल्या. अंगठा बघितला नाही. दहाव्यानंतर बघायला गेले, तर भिंतीवर नुसता गोल डाग. आईच्या हातचं बी मी माझ्या हाताने आईच्याच विस्तवाला दिलं असं समजून मी हे वर्ष काढलं. तुला सतरा बियांवरून इतकं टोचलं ते त्यामुळे.

आता ऐक. नागपंचमीच्या सुमाराला गुराख्यांनी गावात सांगितलं की मसणवटीत, दरडीच्या वर, जांभळीखाली वेल चढलाय. मी लक्ष दिलं नाही. पितृपक्षात सदाशिव तिकडून आला तो पांढराफटक. म्हणाला की काकीला जिथे ठेवली तिथून दहा पावलांवर तवसं लटकतंय. मी नदीच्या अलीकडून पाहून आले. विश्राम, आपलंच. पांढऱ्या रेघा, पोट सुटलेलं. एकच आहे.

सदाशिवला खोदून विचारलं तेव्हा आठवून म्हणाला की सगळ्या शेणी लागल्या नव्हत्या. उरलेल्या तिथेच टाकल्या, कारण तिकडे नेलेलं घरात परत आणत नाहीत. त्यात अंगठ्याची राहिली असणार. जळली नाही.

पण आता गावाने धसका घेतलाय. गुरं तिकडे सोडत नाहीत. बायका म्हणतात, माझ्या शब्दावर कावळा शिवला आणि आता ती बी घेऊन स्वतः उगवली आहे, आत्मा मोकळा नाही. वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणतात, तिथलं फळ घरात आणायचं नाही. आणायचंच झालं तर मुलाने आणावं, ज्याचा अग्नी द्यायचा हक्क होता आणि दिला नाही, त्याने. सदाशिव जायला तयार नाही. माझे पाय नदीच्या पाण्यात थांबतात.

तेव्हा ये. दुसरं काही मागत नाही. दिवाळीच्या आत ये, तवसं तोवर पिकून तांबूस होईल. डुक्कर लागायच्या आधी ये. ते एक फळ गेलं तर आईला दिलेला शब्द गेला. पुढे काही लिहवत नाही, माझ्यावर माया असेल तर ती गाडीत बसवून आण.

तुझी,
ताई


पिंजौर
दि. १९ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

येतो. लालाजींनी छुट्टी दिली. चंदीगडला जाऊन मुंबईपर्यंतचं तिकीट काढलं, सहा नोव्हेंबरचं. पुढे एस.टी. आहेच. तवशाकडे लांबूनच लक्ष ठेव. येतोच आहे, बाकी माया समक्ष.

तुझा,
विश्राम


धाऊलवाडी
दि. २७ ऑक्टोबर १९७४

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र तिघांना वाचून दाखवलं. भावोजी म्हणाले, हा आला तर मी मिशी काढीन. तेव्हा त्यांच्या मिशीसाठी तरी ये.

वेल वाळून दोरीसारखा झालाय. तवसं तांबूस पिवळं, सालीला जाळी धरलीय. परवा संध्याकाळी डुकरांनी खालची दरड उकरली. मी रोज धुणं घेऊन नदीवर जाते आणि पलीकडे बघत कपडे आपटते. काल अर्ध्या पाण्यात गेले होते. मग परत फिरले, कारण तू येतोयस.

तुझी खाट झटकून ठेवलीय. आईची पडवीत उभी केलीय. इकडच्या वाटेला लागलास की मागे बघू नकोस, एवढंच सांगणं.

तुझी,
ताई


पिंजौर
दि. ७ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तारीख बघ. सहा तारीख काल होती आणि मी पिंजौरलाच आहे.

तू शेणीचं खरं लिहिलंस, आता माझं ऐक. आईची तार मला बारा दिवसांनी मिळाली नव्हती, तिसऱ्या दिवशी मिळाली होती. साहेबांनी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. दहाव्याला मी पोचलो असतो. दिल्लीला मुंबईची गाडी लागली होती, मी फलाटावर बाकावर बसलो. मनात आलं की घरी गेलो तर आईची खाट रिकामी बघावी लागणार. नाही गेलो तर ती माझ्यापुरती भरलेलीच आहे. गाडी हलली, मी बसून राहिलो. आठ दिवस दिल्लीत एका धर्मशाळेत भांडी घासली. मग न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून घेतलं, म्हणजे साहेबांना वाटावं की सगळं करून आलो. बाईसाहेबांनी माझं टक्कल बघून मला मऊ भात करून वाढला. तोही मी खाल्ला. कावळा भावोजींच्या शब्दावर लांब उडाला ते बरोबर होतं. त्याला माहीत होतं मी कुठे बसलोय.

काल चंदीगड स्टेशनावर पाऊण तास गाडीसमोर उभा होतो. पाय उचलला नाही. दिल्लीपर्यंतही नाही.

इथे तवशाचा वेल नाही, नरेश नाही. तरी दुपारी मी उठतो तेव्हा गुलाबाच्या रोपांवर राख असते. मजुरांच्या चुलीतली असणार. लालाजी खूश आहेत, म्हणतात की मराठा मन लावून काम करतो. नखं मी आता बघत नाही. ताई, ती इथे येते. मी तिकडे आलो, ती जागा डोळ्यांनी पाहिली, की ती येणार नाही. एवढं मला कळतं, आणि एवढ्याचसाठी मी येत नाही. तू म्हणशील हे वेडेपण आहे. असेल. पण तू तिची बारा वर्षं पाठ चोळलीस, मला ती दुपारची घटकाभरच मिळते.

पण तवशाचं सांगतो, ते मात्र नीट ऐक, कारण त्याला वेळ नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलं ते सोड. ज्याचा अग्नी द्यायचा हक्क त्याने आणावं म्हणतात, मग विस्तवाला शेणी देणारा हात तुझाच होता ना? तो हक्क तुझा. मुलगा म्हणून माझा जो काय असेल तोही मी या पत्राने तुला दिला, हे वाचून दाखव हवं तर. आणि तिथलं घरात आणू नये म्हणतात, तर त्यांना विचार की आईला पोचवून गावची सगळी माणसं घरात कशी आली? नदीत बुडी मारून आली. मग तवशालाही बुडी दे. तू मार, कडेवर घेऊन त्यालाही दे, आणि ओलेत्याने सरळ घरी ये. माणसाला चालतं ते तवशाला चालेल.

तू अर्ध्या पाण्यात गेली होतीस. उरलेलं अर्धं जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा, धुणं तसंच राहू दे. फोडशील तेव्हा आतलं बी मोजू नकोस. अर्धं शेणीत थाप आणि अंगठा तुझा उमटव. पानावर वाढताना हात उचल, आईला सांग की शब्द राहिला. माझं नाव त्यात घेऊ नकोस.

भावोजींना म्हणावं, मिशी ठेवा. रागावलीस तर राग लिहून पाठव, पण लिही. पत्र थांबवू नकोस.

तुझा,
विश्राम

ता. क. तिकीट आज परत केलं. कापून जे हातात आले ते तुझ्या नावाने मनिऑर्डरीने धाडले आहेत, त्रेचाळीस रुपये.